थांबायची ऐपत

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरची मुलगी वर आली. टीवायबीकॉमला आहे, तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीचा फॉर्म भरायचा म्हणते. तिच्या मागोमाग तिची आई, हातात झाकलेली वाटी. मुलीने विचारलं, "ताई, लॉ करू का?" आणि मी तोंड उघडायच्या आत काकूंनी विचारलं, "झाल्यावर सुरुवातीला किती मिळतात गं?"

मी म्हटलं, "चांगली लाइन आहे काकू, शिकू दे तिला." त्या खाली गेल्या आणि मला चैन पडेना. काकूंनी सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याला बगल दिली होती. म्हणून हे लिहितेय. आधी तिच्यासाठी, मग कन्नमवार नगरातल्या, भांडुपच्या, कळव्याच्या तिच्यासारख्या सगळ्या मुलामुलींसाठी, ज्यांच्या घरात आजवर कुणी काळा कोट घातलेला नाही.

माझ्या घरात वकील आला तो पप्पांच्या ग्रॅच्युइटीच्या निमित्ताने. कारखाना बंद झाला तेव्हा पप्पांची नोकरी 22 वर्षांची होती आणि शेवटचा पगार, बेसिक आणि डीए धरून, 9,100. मी तेव्हा कॉलेजात होते. लायब्ररीत 1972 चा ग्रॅच्युइटीचा कायदा काढला आणि वहीत हिशोब मांडला: पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 1,15,500. कायदा म्हणत होता, देय झाल्यापासून 30 दिवसांत द्या, नाहीतर व्याज द्या. पप्पांना ते पैसे मिळायला चार वर्षं लागली. दर तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचे. आमच्या वकिलांनी कधी दोन मिनिटं बसून सांगितलं नाही की आज काय झालं. त्या चार वर्षांत मी ठरवलं की हे काम मी करीन आणि समोरच्याला समजावून करीन. यात आजही फरक पडलेला नाही. पुढे जे लिहिणार आहे ते तक्रारीसारखं वाटलं तर एवढं लक्षात असू द्या की मला या कामावाचून दुसरं काही करायचं नाही.

बीकॉमनंतर तीन वर्षं मी भांडुपला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्स बघत होते, 14,000 पगारावर. 2021 मध्ये सीईटी दिली. सरकारी कॉलेजपर्यंत मार्क पोहोचले नाहीत. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्यांमध्ये मी मोजकीच कॉलेजं भरली होती, त्यात नंबर लागला नाही आणि शेवटी एका विनाअनुदानित कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेवर प्रवेश घेतला. ही चूक मला फार महाग पडली. फीची सवलत आणि शिष्यवृत्ती कॅपमधून आलेल्यांना असते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, सगळं फाइलला तयार होतं, पण जागाच त्यात बसत नव्हती. हे मला कुणी आधी सांगितलं नाही, कारण सांगणारं कुणी नव्हतंच. ज्यांचे काका-मामा वकील असतात त्यांना ही गोष्ट जेवताना कळते.

मग शैक्षणिक कर्ज. 4 लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, सहकर्जदार म्हणून पालकाची सही लागते. पप्पा तेव्हा ऐरोलीला एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करत होते. रात्रपाळी करून सकाळी आले, अंघोळ केली आणि बँकेत येऊन सही केली. तीन वर्षं दरसाल 80,000, म्हणजे 2 लाख 40 हजार. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. हे ऐकायला फार बरं वाटतं. पण व्याज थांबलेलं नसतं. साडेदहा टक्क्यांनी ते साठत गेलं आणि गेल्या ऑगस्टमध्ये परतफेड सुरू झाली तेव्हा आकडा 3,12,800 होता. सात वर्षं, महिना 5,274. दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून जातात. आयकराच्या जुन्या करपद्धतीत या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, पण त्यासाठी आधी करपात्र उत्पन्न लागतं.

अभ्यासाबद्दल मी फार लिहिणार नाही, तो सगळ्यांनाच करावा लागतो. पहिलं सत्र मोबाइलवर गेलं, आई पोळ्यांच्या ऑर्डरी लाटत असताना कानात इअरफोन घालून मी काँट्रॅक्ट ॲक्ट ऐकला. मराठी शाळेतून आल्यामुळे पहिलं वर्ष शब्दकोश उघडा ठेवून वाचलं. खरा दणका शेवटी बसला. आम्ही तिन्ही वर्षं भारतीय दंड संहिता, सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, आणि पुरावा कायदा घोकला, परीक्षाही त्यावरच दिली. आणि 1 जुलै 2024 पासून तिन्ही बदलले. 511 कलमांची संहिता 358 कलमांची झाली. 302 चं 103 झालं, 420 चं 318, बायकोच्या पोटगीचं 125 आता 144. पण 1 जुलैच्या आधी घडलेला गुन्हा जुन्या संहितेखालीच चालणार, म्हणजे जुनं विसरायची मुभा नाही. आमच्या पिढीच्या वकिलाला पुढची पंधरा-वीस वर्षं दोन्ही कायदे डोक्यात ठेवून उभं राहायचंय. मी फोर्टच्या फुटपाथवरून हप्त्याहप्त्याने जमवलेली सगळी फौजदारी पुस्तकं तेवढ्यासाठी ठेवून दिलीत, आणि नवी परत विकत घेतली.

आता सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना. इथे एक गोष्ट माझ्या नशिबाने चांगली झाली. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये नोंदणीची फी 750 रुपये लिहिली आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125, त्याच्यावर नोंदणीसाठी एक पैसा घेता येणार नाही. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत घेतले जात होते. माझा निकाल त्याच्यानंतर लागला. माझ्या दोन वर्षं पुढच्या मैत्रिणीने सनदेसाठी आईची बोरमाळ गहाण ठेवली होती. आधी भरलेले पैसे परत करायची गरज नाही असंही त्याच निकालात आहे, त्यामुळे तिची बोरमाळ तिनेच सोडवली. वकिलीसाठी द्याव्या लागणाऱ्या ऑल इंडिया बार एक्झामचे 3,500 मात्र वेगळे. ती परीक्षा बेअर ॲक्ट, म्हणजे टिपा नसलेली कायद्याची नुसती पुस्तकं, घेऊन देता येते, 45 टक्क्यांना पास, आणि अभ्यास केलेल्याला भीती वाटावी अशी नाही.

सनद हातात आली की एक नियम लागू होतो, आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या नियमात आहे. वकिली करणाऱ्याला कुठेही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे मी भांडुपची अकाउंट्सची नोकरी परत धरू शकत नाही. नियमामागचं कारण मला पटतं. वकिलाने मालकाच्या ताटाखालचं मांजर होऊ नये. पण मग त्याने सुरुवातीला खायचं कुठून, याचं उत्तर नियमात कुठेच नाही.

मी बोरा बाजारातल्या एका सिनियर वकिलांच्या चेंबरला लागले. पहिले तीन महिने काही नाही, मग 5,000, आता 8,000. काम सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघण्यापासून सुरू होतं. कुठल्या कोर्टात कितवा नंबर, सर आधी कुठे उभे राहणार, मी कुठे जाऊन "सर हायकोर्टात आहेत, पासओव्हर द्या", म्हणजे आमचं प्रकरण थोड्या वेळाने घ्या, म्हणणार. किल्ला कोर्टातून मुलुंड, मुलुंडहून परत सेशन्सला. सर्टिफाइड कॉपीचा अर्ज, रोजनामा, म्हणजे कोर्टात काय झालं त्याची नोंद, उतरवून घेणं, वकालतनाम्यावर तिकीट, झेरॉक्स. संध्याकाळी चेंबरमध्ये ड्राफ्टिंग, रात्री नऊची लोकल. सर वाईट माणूस नाहीत. ड्राफ्टमधली प्रत्येक ओळ लाल पेनाने तपासून देतात आणि बोर्डावरचं काम कसं वाचायचं ते त्यांनीच शिकवलं. एकदा धीर करून पैशांचं बोलले तर म्हणाले, "मला माझ्या सिनियरनी चार वर्षं एक रुपया दिला नाही." ते खोटं बोलत नव्हते. पण ती चार वर्षं ते गिरगावात वडिलांच्या घरात राहत होते आणि वडील बँकेत मॅनेजर होते.

ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, परिपत्रक काढलं होतं की शहरात ज्युनिअरला महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत. आम्ही तीन ज्युनिअर बाररूमच्या कोपऱ्यात एकाच मोबाइलवर ते दोनदा वाचलं. द्यावेत, असं आहे. दिलेच पाहिजेत, असं नाही. तिघांपैकी कुणीही ते आपापल्या सिनियरला दाखवलं नाही. मोठ्या लॉ फर्ममध्ये पगार चांगले असतात, पण तिथे पोहोचण्यासाठी कॉलेजात असतानाच तीन-चार बिनपगारी इंटर्नशिप, मूट कोर्ट म्हणजे नकली खटल्यांच्या स्पर्धा, आणि सफाईदार इंग्रजी लागतं. सुट्टीत मी अकाउंट्स बघत होते.

माझा हप्ता कसा जातो ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. पोलिसांची कागदपत्रं मराठीत असतात. एफआयआर, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, तेही हवालदाराच्या हाताने लिहिलेले, 'सदर इसमाने' आणि 'नमूद ठिकाणी'वाले. हायकोर्टाचं काम इंग्रजीत. जामीन अर्जाला ते सगळं जोडायचं तर भाषांतर लागतं, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या निम्म्या ज्युनिअरांना मोडक्या अक्षरातला पंचनामा वाचताच येत नाही. पहिल्यांदा कॉरिडॉरमध्ये एकाने नुसतं विचारलं होतं, "मॅडम, हा शब्द काय आहे?" शब्द होता 'मुद्देमाल'. मी पूर्ण पान वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने 40 पानं आणून दिली, पानाला 80 रुपये. ज्या मराठीमुळे मी वर्गात मागच्या बाकावर बसत होते तिच्यावर आता माझा कर्जाचा हप्ता चालतो. रात्री दहा ते बारा, महिन्याला साठ-सत्तर पानं.

शनिवार-रविवार घाटकोपरला एका क्लासमध्ये बिझनेस लॉ शिकवते. वकिलाला शिकवण्याची मुभा नियमात आहे. काँट्रॅक्ट ॲक्ट 1872, सेल ऑफ गुड्स 1930, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स 1881. शिकवताना मला बाबासाहेब आठवतात. 1923 मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा पैशांची सोय त्यांचे मित्र नवल भथेना यांनी केली होती. दोन डॉक्टरेटचं शिक्षण आणि बॅरिस्टरी घेऊन आलेला माणूस, आणि 1925 ते 1928 ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत मर्कंटाइल लॉ शिकवत होते, कारण वकिलीवर भागत नव्हतं. पुढे 1935 मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. शंभर वर्षांपूर्वी त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या, याचा मला आधारही वाटतो आणि रागही येतो. शंभर वर्षांत एवढी तरी सोय व्हायला हवी होती.

माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आता ऐरोलीला एका कंपनीत परदेशी कंपन्यांचे करार तपासते. 32,000 पगार, एसी, बस. तिने सनद घेतलीच नाही. तिच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, तिला पुढच्या महिन्यापर्यंतसुद्धा थांबणं शक्य नव्हतं. मूट कोर्टात ती बोलायला लागली की परीक्षक लिहायचं थांबवत. कोर्टाने काय गमावलं ते कोर्टाला कधी कळणार नाही.

आणखी एक मित्र न्यायाधीश व्हायच्या परीक्षेची तयारी करत होता, दादरच्या अभ्यासिकेत सकाळी सातपासून. आधी नव्याने पास झालेल्यांनाही दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसता यायचं. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. निकाल वाचला तेव्हा मला तो बरोबर वाटला. कोर्टात कधी उभं न राहिलेल्याने एकदम खुर्चीत बसून माणसांच्या आयुष्याचे निर्णय देणं योग्य नाही, आणि अनुभव वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायचा हेही चांगलं केलं. पण त्या रात्री मित्राचा फोन आला. त्याचा भाऊ सांगोल्याहून महिन्याला 6,000 पाठवत होता, एक वर्षाच्या बोलीवर. ते वर्ष आता तीन-चार वर्षांचं झालं होतं. अट सगळ्यांना सारखी आहे. तीन वर्षं काढायला घरातून कुणाला काय मिळतं, ते सारखं नाही.

या व्यवसायात शिरताना अक्कल बघितली जाते, मेहनत बघितली जाते, पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघितली जाते आणि ती कुठल्या फॉर्मवर नसते: तुमचं घर तुमच्यासाठी किती वर्षं थांबू शकतं. आणि जे थांबू शकत नाहीत तेच नेमके आमच्या पक्षकारांसारखे असतात. गेल्या पावसाळ्यात मोबाइल चोरीच्या आरोपातला एक 22 वर्षांचा मुलगा होता. 15,000 चा जामीन मंजूर झाला आणि तरी तो 23 दिवस आत होता, कारण जामीनदार म्हणून उभं राहायला रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप असलेला एकही माणूस त्याच्या ओळखीत नव्हता. त्याची आई कोर्टाच्या जिन्यावर बसून राहायची. सर दुसऱ्या मॅटरमध्ये होते. मी अर्ज लिहिला की जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून घ्यावी, रक्कम कमी करावी. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "आई काय करते?" मला माहीत होतं, कारण मी तिच्याशेजारी जिन्यावर बसले होते. मासळी बाजारात बर्फ फोडते, दिवसाचे 350. रोख 5,000 वर अर्ज मंजूर झाला. माझा स्वतःचा पहिला आदेश. रोजनामा लिहिणाऱ्या क्लार्कने वर बघून माझं नाव विचारलं. त्या आईला मी दोनदा, सावकाश, सांगितलं की आज काय झालं, आता कुठल्या खिडकीवर जायचं, मुलगा किती वाजता सुटेल. तिने माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती आणि मला पप्पांचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता.

बुधवारी रात्री मी खाली गेले. म्हटलं, "काकू, परवा मी नीट सांगितलं नाही." आणि सगळं सांगितलं. हे की मुलींसाठी आता परिस्थिती बदलली आहे: जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मी पास झाले त्याच वर्षी ते आलं. पण कॅपमधूनच प्रवेश घ्यायचा, पर्याय भरताना कंजूषी करायची नाही, इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेवर जायचं नाही. कर्ज टळेल. पण पुढचं टळणार नाही. "पाच वर्षं धरा. तीन शिकायची, दोन कोर्टात उभं राहायला शिकायची. त्या पाच वर्षांत तिच्याकडून घरात पैसे यायचे नाहीत, ट्रेनचा पास आणि चहा तुम्हालाच द्यावा लागेल. कधी तिसरं वर्षही लागेल."

मुलगी माझ्याकडे बघत होती, काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बराच वेळ त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"रिक्षाचा हप्ता पुढच्या दिवाळीला संपतो," त्या म्हणाल्या. "तिच्या भावाला कुरिअरमध्ये पर्मनंट करणार म्हणतायत. तू म्हणतेस तशी पाच. बघू. सहा लागली तर शिलाई मशीन आहे माझ्याकडे."

सोमवारी सकाळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या दोघी सेतू केंद्रात जाणार आहेत. माझं मॅटर दुपारच्या सत्रात आहे, मी बरोबर जाईन. रेशनकार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स लागते, ते मी आठवणीने सांगितलंय.